शेंगदाणा, आठळी आणि उघडी पडलेली एक शर्करा

मोठ्या आतड्याचे आतले अस्तर माणसाच्या शरीरातील सर्वांत घाईने झिजणाऱ्या आणि तितक्याच घाईने भरून निघणाऱ्या भागांपैकी एक आहे. या अस्तरात अंगुस्तान्याच्या आकाराच्या असंख्य सूक्ष्म खोलगट नळ्या असतात, त्यांना क्रिप्ट म्हणतात. नळीच्या तळाशी मूळपेशी विभागतात, त्यांच्या लेकी वर सरकत जातात आणि चार-पाच दिवसांत पृष्ठभागावर पोहोचून गळून पडतात. विभाजनाचा वेग थोडासा वाढला आणि तो दीर्घकाळ तसाच राहिला, तर कर्करोगाच्या दृष्टीने ती चिंतेची बाब ठरते, कारण प्रत्येक जादा विभाजनासोबत डीएनएची नक्कल करताना चूक होण्याची आणखी एक संधी निर्माण होते. हा वेग कोण ठरवते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संशोधक सहसा वाढघटक (पेशीला वाढीचा निरोप देणारी प्रथिने), त्यांचे ग्राही (तो निरोप झेलणारी पेशीवरील प्रथिने) आणि जनुके यांच्याकडे वळतात. प्रस्तुत प्रकरणात सुरुवातीचा धागा वेगळ्याच ठिकाणी सापडला: पेशीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर लटकलेल्या दोन शर्करांच्या एका लहानशा जोडीत आणि तिला चिकटणाऱ्या शेंगदाण्यातील एका प्रथिनात.

१९९२ साली लिव्हरपूल विद्यापीठातील जोनाथन ऱ्होड्स, रायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखवून दिले की शेंगदाण्यातून शुद्ध केलेले लेक्टिन मानवी मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींना, तसेच प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या एचटी२९ या आतड्याच्या कर्करोगपेशींना विभाजनासाठी प्रवृत्त करते. या एका निरीक्षणातून पुढे दीड दशक चालणारी जी चौकशी उभी राहिली, तिचा हा आढावा आहे.

ती शर्करा कोणती

लेक्टिन म्हणजे शर्करेला ओळखून तिला धरून ठेवणारे प्रथिन. शेंगदाण्याचे लेक्टिन चार समान घटकांचे बनलेले असते आणि गॅलॅक्टोज व एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसॅमिन या दोन शर्करांची विशिष्ट प्रकारे जुळलेली जोडी ते ओळखते. प्रथिनातील सेरीन किंवा थ्रेओनिन या अमिनो आम्लांवर ही जोडी बसलेली असते. तिला थॉमसन-फ्रीडेनराइख प्रतिजन किंवा थोडक्यात टीएफ म्हणतात, आणि या नावामागची हकिगत रक्तपेढीतली आहे. १९२० च्या दशकात कोपनहेगनमध्ये काही रक्तनमुने असे आढळले, की त्यांतील लाल पेशी कोणत्याही गटाच्या प्रौढ माणसाच्या रक्तद्रवात एकत्र गोळा होत. जिवाणूंचा संसर्ग झालेल्या नमुन्यांतच हे घडत होते. जिवाणूंच्या एका विकराने शर्कराशृंखलेच्या टोकाचे सायलिक आम्ल कापून टाकले होते आणि त्याखाली एरवी झाकलेली शर्करांची जोडी उघडी पडली होती, हा उलगडा बऱ्याच नंतर झाला. आपल्या आतड्यातील जिवाणूंवरही अशाच शर्करा असल्याने जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या रक्तात तिच्याविरुद्धची प्रतिपिंडे आधीपासून असतात. अशी पेशी ओळखण्यासाठी रक्तपेढ्यांमध्ये शेंगदाण्याचेच लेक्टिन वापरतात.

निरोगी आतड्यातही ही जोडी तयार होतेच, मात्र ती क्वचितच उघडी राहते. तिच्यावर सायलिक आम्ल बसते, सल्फेट बसते किंवा आणखी शर्करा जोडल्या जाऊन शृंखला लांबत जाते. आतड्याच्या कर्करोगात, कर्करोगपूर्व गाठींमध्ये आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहाच्या आजारात हे झाकण अपुरे पडते. १९९५ मध्ये लिव्हरपूलच्याच गटाने श्लेष्मातील म्युसिन प्रथिनांचे रासायनिक विश्लेषण करून हे थेट सिद्ध केले, की निरोगी म्युसिनमध्ये टीएफ असते पण झाकलेले असते, आणि आजारात ते उघडे पडते. या फरकाला महत्त्व आहे, कारण त्याचा अर्थ असा की कर्करोगपेशी यासाठी कोणतीही नवी शर्करा घडवत नाही; जुनेच बांधकाम ती अर्धवट सोडते.

शेंगदाण्यापूर्वीचे दोन धडे

लेक्टिनने पेशी विभागू लागते, ही गोष्ट १९९२ मध्ये नवी नव्हती. १९६० साली पीटर नॉवेल यांनी राजम्यातील लेक्टिनचा उपयोग लाल पेशी गोळा करून वेगळ्या काढण्यासाठी केला असता उरलेल्या लिंफोसाइट पेशी अनपेक्षितपणे विभागू लागल्या होत्या. पूर्ण वाढलेली, कामाला लागलेली पांढरी पेशी पुन्हा विभागू शकते, हे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

दुसरा धडा गव्हाच्या अंकुराचा, आणि तो अधिक उपयोगी आहे, कारण तो चुकीतून मिळाला. १९६३ मध्ये जोसेफ ऑब यांना गव्हाच्या अंकुरातील एका विकराच्या नमुन्याने कर्करोगपेशी निरोगी पेशींपेक्षा सहज गोळा होताना दिसल्या. मॅक्स बर्गर यांनी पुढे त्यातला खरा कर्ता, म्हणजे विकरासोबत भेसळ म्हणून आलेले लेक्टिन, वेगळा काढला. कर्करोगपेशीवर विशिष्ट शर्करा उघडी असते आणि निरोगी पेशीवर ती झाकलेली असते, म्हणूनच वाढीवरचे नियंत्रण सुटते, अशी देखणी कल्पना त्यावर उभी राहिली. १९७१ मध्ये किरणोत्सारी खूण लावलेले लेक्टिन वापरून मोजणी झाली, तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशींवर लेक्टिन जवळपास सारख्याच प्रमाणात बसते असे दिसून आले. फरक शर्करेच्या संख्येत नव्हता. त्या शर्करा वाहून नेणारी प्रथिने पेशीपटलात किती मोकळेपणाने सरकून एका जागी जमू शकतात, यात तो होता. शर्करा उघडी आहे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये, ती कोणत्या प्रथिनावर आहे आणि धरली गेल्यावर त्या प्रथिनाचे काय होते हे पाहावे, हा इशारा शेंगदाण्याच्या प्रकरणात जसाच्या तसा लागू पडणार होता.

ताटातून आतड्यापर्यंत

पेट्री डिशमधील पेशीवर शुद्ध लेक्टिन ओतणे ही एक गोष्ट आणि खाल्लेला शेंगदाणा जिवंत माणसाच्या आतड्यात काय करतो ही अगदी वेगळी. मधल्या पायऱ्या गटाने एकेक करून ओलांडल्या, आणि या प्रकरणाचा हा भाग मला सर्वांत शिस्तीचा वाटतो.

पहिली पायरी होती काढून घेतलेल्या अस्तराच्या तुकड्यांची. दाहक आंत्रविकार किंवा आतड्यात गाठी असलेल्या रुग्णांच्या अस्तराचे लहान तुकडे पोषक द्रवात जिवंत ठेवून त्यांना शेंगदाण्याचे लेक्टिन दिले असता विभाजन वाढल्याचे १९९४ मध्ये नोंदवले गेले. दुसरी पायरी होती लेक्टिन पचनातून टिकते का, हे तपासण्याची. बहुतेक प्रथिने जठरात आणि लहान आतड्यात तुकडे होऊन शोषली जातात. लेक्टिने मात्र पाचक विकरांना चिवटपणे तोंड देतात. १९९८ मध्ये या गटाने दाखवले की शेंगदाणे खाल्ल्यानंतर काही तासांत निरोगी स्वयंसेवकांच्या शिरेतील रक्तातही हे लेक्टिन अखंड स्वरूपात सापडते. मोठ्या आतड्यात ते पोहोचते की नाही, ही शंका त्यानंतर फारशी उरली नाही. स्वयंपाकाच्या पद्धतीचाही येथे संबंध येतो: पाण्यात पुरेसे उकळल्यास लेक्टिने बहुतांशी निकामी होतात, पण कोरड्या भाजण्याला ती जास्त तग धरतात. आपल्याकडे कूट भाजलेल्या दाण्यांचे करतात, उकडलेल्या शेंगांचे नाही.

तिसरी पायरी होती खुद्द माणसांची. १९९८ मध्येच प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वयंसेवकांनी पाच दिवस रोज १०० ग्रॅम शेंगदाणे खाल्ले, म्हणजे साधारण तीन मुठी. खाण्यापूर्वी आणि नंतर मलाशयाच्या अस्तराची बायॉप्सी घेण्यात आली. अशा कामात अस्तराचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली सुईने हलकेच उकलतात, अखंड क्रिप्ट सुटे करतात आणि एकेका क्रिप्टमध्ये विभाजनाच्या ऐन क्षणी पकडल्या गेलेल्या पेशी मोजतात. गर्द रंगाच्या गुणसूत्रांचा गुच्छ मध्यभागी जमलेला असल्यामुळे अशी पेशी शेजारणींमधून लगेच वेगळी दिसते. मोजणी कंटाळवाणी असते, पण त्यातून मिळणारा आकडा वादातीत असतो.

निकाल सरसकट आला नाही, आणि यातच त्याचे मोल आहे. ज्यांच्या अस्तरावर शेंगदाण्याच्या लेक्टिनला बसण्याजोगी उघडी शर्करा होती, त्यांच्यात विभाजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढले. ज्यांच्या अस्तरावर ती नव्हती, त्यांच्यात तेवढेच शेंगदाणे खाऊनही तशी वाढ दिसली नाही. अन्न तेच, मात्रा तीच, दिवस तेवढेच. फरक होता तो पेशीच्या पृष्ठभागावरील दोन शर्करांवर झाकण आहे की नाही एवढाच. वाढीच्या नियंत्रणात पृष्ठभागावरील कर्बोदके सहभागी असतात, या विधानाला माणसात मिळालेला इतका सुटसुटीत पुरावा क्वचितच सापडेल.

आठळी उलटी बोलते

चौकशी येथेच थांबली असती, तर टीएफ म्हणजे पेशीच्या वाढीचे बटण आणि लेक्टिन म्हणजे ते दाबणारे बोट, असे सोपे चित्र पाठ्यपुस्तकात गेले असते. पण टीएफ ओळखणारी इतरही लेक्टिने रोजच्या अन्नात आहेत आणि त्यांची तपासणी सुरू होताच हे चित्र विस्कटले.

१९९३ मध्ये बाजारात मिळणाऱ्या पांढऱ्या बटण मशरूममधील लेक्टिनने आतड्याच्या आणि स्तनाच्या पेशींची वाढ चक्क रोखल्याचे आढळले. पेशी मरत नव्हत्या. लेक्टिन काढून घेतले की वाढ पूर्ववत सुरू होई. विषाने मारलेली पेशी असे करत नाही. २००१ मध्ये आणखी दोन लेक्टिने तपासण्यात आली. एक होते फणसाच्या आठळीतील, ज्याला फणसाच्याच इंग्रजी नावावरून जॅकलिन म्हणतात. दुसरे राजगिऱ्याच्या कुळातील अमरँथस कॉडेटस या वनस्पतीच्या बियांतील. राजगिऱ्याच्या लेक्टिनने एचटी२९ पेशींची वाढ वाढवली, तर आठळीच्या लेक्टिनने ती रोखली. थोडक्यात, उपवासाच्या फराळातील दोन्ही बिया एका बाजूला उभ्या राहिल्या आणि फणस व मशरूम दुसऱ्या बाजूला, आणि चौघांनी धरली होती ती शर्करा एकच.

याचा पहिला, मनात चटकन येणारा खुलासा असा, की चौघांची पकड सारखी नसावी. शेंगदाण्याचे लेक्टिन पूर्ण उघड्या टीएफलाच धरते, तर आठळीच्या व मशरूमच्या लेक्टिनांना सायलिक आम्लाने झाकलेले टीएफही चालते. म्हणजे ती अधिक प्रथिनांवर बसू शकतात. खुलासा आकर्षक आहे, पण राजगिऱ्याचे लेक्टिन तो मोडून काढते: झाकलेले टीएफ तेही ओळखते आणि तरीही वाढीला चालना देते. अशा वेळी पकड कोणावर बसली एवढे पाहून भागत नाही, पकडीनंतर आत काय घडते याचाच माग काढावा लागतो. तो माग लिव्हरपूलमध्ये लू-गँग यू, बॅरी कॅम्पबेल आणि ऱ्होड्स यांच्या गटाने तीन वेगवेगळ्या दिशांनी काढला.

मशरूमचे लेक्टिन पेशीपटलावर थांबत नाही. पेशी ते आत ओढून घेते आणि ते केंद्रकाभोवती जमा होते. तेथे ते पेशीद्रव्यातील एका प्रथिनाला धरते आणि केंद्रकात जाण्याचा परवाना असलेल्या प्रथिनांची वाहतूक अडवते. विभाजनासाठी लागणारी माणसे कामावरच पोहोचत नाहीत, असा हा प्रकार आहे. १९९९ आणि २००२ मध्ये या दुव्यांचे तपशील प्रसिद्ध झाले. याच गुणामुळे काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यात होणारी व्रणऊतीची अवाजवी वाढ रोखण्यासाठी या लेक्टिनचा विचार त्याच शहरातील नेत्रसंशोधकांनी केला.

शेंगदाण्याचे लेक्टिन वेगळ्या वाटेने जाते. २००६ च्या शोधानुसार ते सीडी४४ या पृष्ठभागावरील प्रथिनाच्या व्ही६ नावाच्या रूपावर बसलेल्या टीएफला धरते. हे रूप सी-मेट या वाढघटकग्राहीचे सोबती म्हणून काम करते. एरवी सी-मेटला जागे करण्यासाठी यकृतपेशी वाढघटकाची गरज असते. येथे वाढघटक नसतानाही सोबत्याला बाहेरून घट्ट धरल्यामुळे सी-मेट सक्रिय होते आणि पुढे एमएपीके ही संदेशसाखळी चालू होते. या साखळीची शेवटची कडी ईआरके हे विकर, आणि ते केंद्रकाला विभाजनाचा निरोप पोहोचवते.

आठळीच्या लेक्टिनची वाट या साखळीला नेमकी दुसऱ्या टोकाने भिडते. २००४ मध्ये असे दिसले की ते पेशीतील पीएचएपी-१ या प्रथिनात बदल घडवून प्रोटीन फॉस्फटेज २ए या विकराला मोकळे करते, आणि ते विकर ईआरकेवरील फॉस्फेट काढून टाकते. शेंगदाणा ज्या ईआरकेला चालू करतो, त्यालाच आठळी बंद करते. तपासणीत मला सर्वांत बोलकी वाटलेली गोष्ट हीच: पृष्ठभागावर एकच खूण, आत एकच संदेशसाखळी, आणि तरीही परिणाम परस्परविरुद्ध, कारण खुणेला धरणारा हात कोणत्या प्रथिनाला हलवतो आणि कोणत्या प्रथिनाला शेजारी खेचतो, यावर पुढचे सारे अवलंबून राहते. गव्हाच्या अंकुराने १९७१ मध्ये जे सुचवले होते, ते येथे रेणूंच्या नावागावासह समोर आले. टीएफ ही शर्करा म्हणजे विभाजनाची आज्ञा नव्हे. ती दाराची कडी आहे, आणि कडी ओढली तर दार उघडते, ढकलली तर बंद होते.

मग दाणे खावेत की नाहीत

हा प्रश्न प्रत्येक वाचकाच्या मनात एव्हाना आला असणार, आणि त्याचे उत्तर वरील प्रयोगांतून निघत नाही. विभाजनाच्या वेगात पाच दिवस झालेली वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. शिवाय शेंगदाण्यात लेक्टिनखेरीज तंतू, मेदाम्ले आणि इतर पुष्कळ काही असते, आणि आहारातील इतर घटकही मध्ये पडतात. या गटानेच मांडलेली एक शक्यता अशी, की फळे आणि भाज्यांच्या तंतूंमधील गॅलॅक्टोज आतड्यातील लेक्टिनांना आधीच गुंतवून ठेवते, मग ती पेशीपर्यंत पोहोचत नाहीत. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आहारविषयक पाहणीत या कल्पनेला काही आधार मिळाला. उलट तैवानमध्ये लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणाऱ्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शेंगदाणे नियमित खाणाऱ्या स्त्रियांमध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढलेला नव्हे, तर कमी आढळला. त्यामुळे या संशोधनावरून कोणी कूट सोडू नये, आणि कर्करोगावर उपाय म्हणून कोणी आठळ्यांची भाजीही वाढवू नये. ती भाजी चवीसाठीच खावी, कारण नीट शिजवलेल्या आठळीत कामाचे लेक्टिन फारसे उरत नाही.

शेंगदाणा या प्रकरणात एका अर्थाने निमित्तमात्र होता. टीएफला धरणारी लेक्टिने माणसाचे शरीर स्वतःही बनवते, आणि त्यांपैकी गॅलेक्टिन-३ वर या गटाचे लक्ष पुढे केंद्रित झाले. मोठ्या आतड्याचा कर्करोग असलेल्या रुग्णांच्या रक्तात ते वाढलेले असते. २००७ मध्ये आणि त्यानंतर असे दिसले की कर्करोगपेशीवरील एमयूसी१ या लांबलचक प्रथिनावरच्या टीएफला गॅलेक्टिन-३ धरते, त्यामुळे एमयूसी१ पेशीच्या पृष्ठभागावर एका बाजूला सरकून जमा होते, आणि एरवी त्याच्या आडोशाला दडलेले चिकट रेणू उघडे पडून ती पेशी रक्तवाहिनीच्या अस्तराला घट्ट चिकटते. बाहेरून आलेल्या दाण्याचा प्रभाव काही तासांचा किंवा दिवसांचा असतो. शरीरातच तयार होणारे लेक्टिन मात्र रात्रंदिवस हजर असते.

झाकण मुळात अपुरे का पडते, याचा एक दुवा पेशीच्या गॉल्जी यंत्रणेत सापडला आहे. शर्कराशृंखला तेथे टप्प्याटप्प्याने बांधल्या जातात आणि त्यासाठी तेथील वातावरण किंचित आम्लधर्मी लागते. २००१ मध्ये कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांनी आतड्याच्या श्लेष्मा तयार करणाऱ्या पेशींमध्ये गॉल्जीतील आम्लता मुद्दाम कमी केली. म्युसिनवरील सल्फेट घटले आणि टीएफ उघडे पडू लागले, अगदी कर्करोगात दिसते तसे. या पेशींना ना शेंगदाणा दिला होता, ना कोणता वाढघटक. सामूत थोडासा बदल केला होता, आणि तेवढ्याने पेशीच्या पृष्ठभागावर लेक्टिनाची वाट पाहत राहणारी ती दोन शर्करांची जोडी उघडी पडली होती.